उमेदवार क्रमांक चौदा

आपल्या मुलीला जागा मिळत नाही ती तिला अर्ज करता येत नाही म्हणून, हा शोध हेल्गे टीलेमान यांना मार्चमधल्या एका रविवारी, उकडलेल्या अंड्याचं टोक चमच्याने उडवताना लागला. टेबलाशी समोर बायको गुद्रून होती, आणि जिच्याबद्दल हा शोध होता ती विब्केही होती. त्यामुळे ते काही बोलले नाहीत. अडतीस वर्षं लोहमूरच्या नगरपालिकेत जन्म-मृत्यू-विवाह नोंदणीच्या खिडकीमागे बसलेला हा माणूस. मनात येईल ते तोंडावाटे बाहेर न पडू देण्याचं शिक्षण त्यांना भरपूर मिळालेलं होतं. लग्नाची नोंद करायला आलेल्या जोडप्यांकडे बघून जे जे मनात आलं ते सगळं बोलले असते, तर लोहमूरची लोकसंख्या आज निम्म्यावर असती.

"किती झाले?" त्यांनी एवढंच विचारलं.

"काय किती?"

"अर्ज."

"एकेचाळीस," पावाला लोणी लावत विब्के म्हणाली. "बाबा, रविवारी नको ना."

विब्केने गांडुळांत एम.एस्सी. केलं होतं. म्हणजे पीटच्या, दलदलीत कुजलेल्या शेवाळापासून झालेल्या काळ्या, आंबट जमिनीत गांडुळं का टिकत नाहीत, आणि त्यातूनही एखादं टिकलंच तर ते कशाच्या जोरावर, यावर तिने एकशे चार पानं लिहिली होती आणि त्यावर उत्तम गुण मिळवले होते. आता त्याच विषयात डॉक्टरेट करायची, तर कुठल्यातरी विद्यापीठात संशोधकाची जागा हवी. डॉक्टरेट ही तिथे नोकरीच असते, आणि नोकरी म्हटलं की जाहिरात आली, अर्ज आला, मुलाखत आली, आणि सरतेशेवटी 'आपल्या पुढील वाटचालीस मनःपूर्वक शुभेच्छा' हे वाक्य आलं. ते वाक्य विब्केच्या घरी आठ महिने येत होतं. आठ महिने ती आपल्या शाळेतल्या दिवसांच्या खोलीत, भिंतीवरच्या घोड्यांच्या चित्रांखाली बसून लॅपटॉपवर अर्ज भरत होती.

टीलेमानांना नेमकं हेच खटकत होतं. लॅपटॉपवर अर्ज! अर्ज कसा असतो ते त्यांना ठाऊक होतं. अर्जाला वजन असतं. निळी पुठ्ठ्याची फाइल, आत जाड कागद, साक्षांकित प्रती, प्रत्येक प्रतीवर गोल शिक्का, आणि शिक्का असा की निम्मा कागदावर, निम्मा सहीवर. असा अर्ज करून ते स्वतः शहाऐंशी साली नोकरीला लागले होते आणि गेल्या ऑक्टोबरात निवृत्त होईपर्यंत त्यांना दुसरा करावा लागला नव्हता. पद्धत चांगली असल्याचा याहून मोठा पुरावा कोणता?

गावाबाहेर बागांची वसाहत आहे. तिथे त्यांचा एक तुकडा होता, आणि कुंपणापलीकडचा तुकडा निवृत्त पोस्टमास्तर लांपे यांचा. तीस वर्षांची शेजारगिरी. तरी दोघं अजून एकमेकांना 'तुम्ही'च म्हणत. लांपेंनी सगळं ऐकून घेतलं आणि फावड्यावर हनुवटी टेकवली.

"टीलेमानसाहेब, साधी गोष्ट आहे. संगणकातला अर्ज फेकायला काय लागतं? एक बोट. कागदाचा फेकायचा तर खुर्चीतून उठावं लागतं. आणि आपल्या देशात कोणीही सरकारी माणूस..."

"उठत नाही," टीलेमान अनुभवाने म्हणाले.

"मग तो अर्ज टेबलावरच राहतो. टेबलावर राहिलेला कागद आज ना उद्या वाचला जातोच!"

वरच्या मजल्यावरच्या डॉ. फोलराट यांचं मत पडलं ते जिन्यात. हे दातांचे डॉक्टर. यांनी बीव्हर या प्राण्याच्या दाढेवर प्रबंध लिहिला होता आणि दारावरच्या पाटीवर 'डॉ.' ही अक्षरं आडनावाहून मोठी होती. ते म्हणाले, "पत्र भारदस्त हवं. 'मी', 'मला', 'माझं' असलं काही त्यात दिसता कामा नये. प्रोफेसरांना मीपणा फक्त स्वतःचा चालतो."

दोघांचाही सल्ला टीलेमानांनी शिरोधार्य मानला. सगळ्या घोटाळ्याचं मूळ तिथे आहे.

विब्के पोहायला गेल्याचं बघून त्यांनी तिच्या खणातून प्रमाणपत्रं आणि प्रबंधाची प्रत काढली आणि साक्षांकनासाठी आपल्याच जुन्या कचेरीत गेले. खिडकीमागे आता डेटमर्सबाई होत्या. यांना त्यांनीच तयार केलं होतं.

"नंबर घेतलात?" डेटमर्सबाई म्हणाल्या.

"अहो, मी आहे."

"दिसतंय मला. नंबर घेतलात?"

त्यांनी नंबर घेतला. पन्नास मिनिटं बाकावर बसले. नंबर आल्यावर बाईंनी प्रत उजेडात धरली आणि परत केली. "कोपरा दुमडलेला आलाय. चालणार नाही."

"एवढ्याशा कोपऱ्यासाठी? हा नियम तुम्हाला कोणी शिकवला?"

"तुम्ही," डेटमर्सबाई म्हणाल्या, आणि पुढचा नंबर पुकारला.

घरी येईपर्यंत टीलेमानांचा मान थोडा दुखावला होता, आणि थोडा, खरं सांगायचं तर, सुखावलाही होता. चौथ्या खेपेला शिक्के मिळाले. स्वयंपाकघरात फ्रिजला विब्केची विद्यापीठांची यादी चिकटवलेली होती, त्यातल्या खालच्या बारा जागा त्यांनी निवडल्या. पत्र लिहायला चार दिवस लागले. 'सोबतच्या कागदपत्रांवरून उमेदवाराची पात्रता आपल्या निदर्शनास येईलच' अशी त्याची सुरुवात होती. सबंध पत्रात 'मी' नव्हता, 'माझी मुलगी' नव्हती, विब्के तर औषधालाही नव्हती. सगळीकडे नुसता 'उमेदवार'. वर छापील पत्ता टीलेमानांचा आणि खाली सही टीलेमानांची, कारण दुसऱ्याची सही करणं हा गुन्हा आहे, हे त्यांच्याइतकं कोणाला माहीत असणार?

बारा निळ्या फाइली रवाना झाल्या. त्यांतल्या दहांचं पुढे काय झालं ते आजतागायत कळलेलं नाही. एक परत आली. 'कागदी अर्ज परत पाठवले जात नाहीत' असं कळवणारी चिठ्ठी तिला टाचलेली होती.

आणि बारावीचं उत्तर आलं.

ब्रोकहाइम नावाच्या गावात एक लहानसं विद्यापीठ आहे. त्याच्या मृदाशास्त्र संस्थेचं ते पत्र. 'माननीय श्री. टीलेमान, डॉक्टरेट-संशोधकाच्या जागेसाठी आपली निवड मुलाखतीकरिता झाली आहे. उमेदवार क्रमांक चौदा. मंगळवारी साडेदहा वाजता उपस्थित राहावे.'

श्री. टीलेमान! त्यांनी पत्र तीनदा वाचलं. चूक कळली, पण त्याहीपेक्षा जास्त आनंद झाला. आठ महिन्यांत लॅपटॉपला जमलं नाही ते फाइलीने करून दाखवलं होतं. आता फोन करायचा, नाव दुरुस्त करून घ्यायचं आणि रविवारच्या अंड्याबरोबर विब्केला बातमी द्यायची. फोन केला. संस्थेच्या पोलमानबाई फोनवर फक्त गुरुवारी दहा ते अकरा भेटत, आणि त्या गुरुवारी दहा ते अकरा त्या दुसऱ्या कोणाशी तरी बोलत होत्या.

"मग जा ना!" लांपे म्हणाले. "पत्रावर तुमचं नाव आहे. बोलावलेल्या ठिकाणी न जाणं म्हणजे उद्धटपणा. जाऊन समोरासमोर सांगा. पाच मिनिटांचं काम."

गुद्रूनला त्यांनी सांगितलं की आपल्या गावातल्या गायकवृंदाच्या कामासाठी जायचंय. गुद्रून म्हणाली, "सूट घालून?" आणि पुढे काही विचारलं नाही. हे लक्षण चांगलं नव्हतं, पण टीलेमान घाईत होते. विब्के तर आदल्या दिवशीच गेली होती, ब्रेमेनला, मैत्रिणीच्या वाढदिवसाला. निदान तिने तरी तसं सांगितलं होतं.

मंगळवारी साडेदहाला ब्रोकहाइमच्या दुसऱ्या मजल्यावरचं दार उघडलं. आत लांब टेबलामागे पाच माणसं होती. मध्ये प्रोफेसर ओर्ट्रूड वाक्समान, उंच, उन्हाने रापलेल्या, नखांत माती असलेल्या बाई. त्यांच्या डावीकडे दोन संशोधक. उजवीकडे कर्मचाऱ्यांचे प्रतिनिधी, आणि टोकाला विद्यापीठाच्या समानसंधी अधिकारी राडेमाखरबाई, हातात पेन घेऊन.

चौसष्ट वर्षांचे टीलेमान आत आले, तशा टेबलामागच्या माना वर झाल्या. पाचही जणांच्या मनात एकच प्रश्न आला. पण उमेदवाराचं वय विचारणं कायद्याने मना आहे. वय सोडाच, या विद्यापीठात समानतेची इतकी कडक व्यवस्था होती की अर्जांवरची नावं, जन्मतारखा आणि श्री.-श्रीमती हे सगळं पोलमानबाई काळ्या मार्करने आधीच पुसून टाकत. निवड झालेली ती नुसत्या क्रमांकाची. दोघा संशोधकांनी राडेमाखरबाईंच्या पेनाकडे पाहिलं, आणि चेहरा होईल तितका साधा केला.

"बसा," वाक्समानबाई म्हणाल्या.

"आधी मला एक खुलासा करायचाय," टीलेमान उभ्यानेच म्हणाले. "मी इथे आलोय तो माझ्या मुलीसाठी..."

"थांबा!" राडेमाखरबाईंचं पेन वर गेलं. "कौटुंबिक परिस्थितीबद्दल इथे बोलायचं नाही. तुम्हाला मुलं आहेत की नाहीत, याचा निवडीवर परिणाम होता कामा नये."

"पण परिणाम व्हायलाच हवा! कारण मुलगी..."

"टीलेमानसाहेब, मी तुमच्याच हिताचं सांगतेय. हे शब्द आम्ही ऐकलेले नाहीत. आणखी बोललात तर मला सगळी प्रक्रिया थांबवावी लागेल. बाहेर बसलेल्या उमेदवारांचंही नुकसान."

दुसरा कोणी असता तर म्हणाला असता, थांबवा. पण टीलेमान जन्मभर नियमांच्या पोटात राहिलेले. खिडकीच्या या बाजूने कोणी 'थांबा' म्हटलं की त्या बाजूच्या माणसाने थांबायचं असतं, हे त्यांच्या रक्तातच होतं. ते खाली बसले.

"प्रत्येक उमेदवाराला तेच आठ प्रश्न, त्याच क्रमाने," वाक्समानबाई म्हणाल्या. "पहिला. गांडुळांकडे कसे वळलात?"

आता आलीच आहे अंगावर तर सभ्यपणाने उत्तरं द्यावीत, पाणी प्यावं आणि संपल्यावर प्रोफेसरबाईंना बाहेर गाठावं, असं टीलेमानांनी ठरवलं. त्यांनी बागेबद्दल सांगितलं. तीस वर्षांपूर्वी तुकडा घेतला तेव्हा जमीन पीटची, आंबट, फावडं मारलं तर एक जीव दिसायचा नाही. मग चुना, कुजलेला पाला, घोड्याची लीद, आणि सातव्या वर्षी पहिलं गांडूळ. त्या दिवशी घरी येऊन बायकोला मिठी मारली होती. बायको घाबरली होती.

"नमुना मोजण्याची पद्धत?"

"मोहरीचं पाणी. जमिनीवर ओतायचं, पाच मिनिटं थांबायचं. झोंबतं त्यांना, वर येतात. बायकोची मोहरीची बरणी संपली तर मात्र घरात वाद होतो."

वाक्समानबाईंनी खाली मान घालून काहीतरी लिहिलं.

"दहा वर्षांनी स्वतःला कुठे बघता?"

टीलेमानांनी हिशेब केला. "घरी," ते प्रामाणिकपणे म्हणाले. "देवाची कृपा असेल तर. आणि गुडघे चालत असतील तर दुपारी बागेत."

डावीकडच्या संशोधकाने हा प्रश्न स्वतः आयुष्यात सहा वेळा ऐकला होता आणि सहाही वेळा खोटं बोलला होता. त्याचे डोळे पाणावले. कर्मचारी प्रतिनिधींनी पुरे गुण दिले.

"परदेशातला अनुभव?"

"डेन्मार्क. सत्तावीस वेळा. तंबूत."

"वादाचे प्रसंग कसे हाताळता?" यावर त्यांनी नोंदणीच्या खिडकीवर भांडलेल्या एका नवरानवरीची हकिकत सांगितली. त्यात नवरीची आई, एक कुत्रा आणि शाईची बाटली होती, आणि ती संपेपर्यंत राडेमाखरबाईही पेन खाली ठेवून पुढे झुकल्या होत्या. प्रयोगातली सगळी गांडुळं दुसऱ्या वर्षी मेली तर काय कराल, या सहाव्या प्रश्नाला ते म्हणाले, "एक दिवस लाजेन. मग शेजाऱ्याकडे जाऊन, त्याची का जगली, ते विचारेन." सातवा निघून गेला. आठवा होता, तुम्हाला आम्हाला काही विचारायचंय का?

"आहे. जागा पासष्ट टक्के तासांची, पासष्ट टक्के पगाराची आहे असं छापलंय. मग उरलेले पस्तीस टक्के त्या माणसाने काय करायचं?"

दोघा संशोधकांनी एकमेकांकडे पाहिलं. "तेव्हाही काम," एक जण हळूच म्हणाला.

"मग शंभर टक्के छापा की! आमच्या कचेरीत निम्मा जन्म नोंदवत नसत."

कर्मचारी प्रतिनिधींनी हे वाक्य उतरून घेतलं आणि त्याखाली दोन रेघा मारल्या.

टीलेमान कपाळ पुसत बाहेर आले. कॉरिडॉरमध्ये खुर्चीवर, इस्त्रीचा शर्ट घालून, मांडीवर हात घट्ट धरून, पुढचा उमेदवार बसला होता.

"बाबा?"

"विब्के? तू ब्रेमेनला ना?"

"तू इथे काय करतोयस? तू आतून कसा काय बाहेर आलास?"

"उमेदवार क्रमांक एकतीस," पोलमानबाईंनी दारातून पुकारलं. विब्के उठली. वडिलांकडे बघत बघतच आत गेली, आणि जाता जाता दाराच्या चौकटीवर आपटली.

परतीची गाडी रद्द झाली होती. बदली बस कुठून सुटते ते कोणालाच माहीत नव्हतं, म्हणून बापलेक स्टेशनबाहेरच्या बाकावर बसून राहिले. फाइल, शिक्के, डेटमर्सबाई, लांपे, टीलेमानांनी सगळं सांगितलं.

"मी ब्रेमेनला जाते असं का सांगितलं, माहितीय?" विब्के म्हणाली. "कारण दर वेळी आई सबंध दिवस माझ्यासाठी शुभशकुन म्हणून अंगठे मुठीत दाबून बसते, आणि नाही झालं की तुम्ही दोघं जेवताना हवामानावर बोलता. म्हटलं, एकदा गुपचूप जाऊन बघू. आज पहिल्यांदा मला अजिबात भीती वाटत नव्हती, बाबा. आणि मग तू दारातून बाहेर आलास. आतला एकही प्रश्न मला धड ऐकू आला नाही. ते गांडुळांचं विचारत होते आणि माझ्या डोक्यात एकच, हा माणूस आत काय बोलला असेल!"

"मला वाटलं, मदत..."

"मदत कर ना. पण मला विचारून. मी सत्तावीस वर्षांची आहे. माझं अपयश तरी माझं असू दे."

बस आली. तिच्यात दोघांनी वेगवेगळ्या बाकांवर बसून प्रवास केला. टीलेमानांना निवृत्तीनंतर पहिल्यांदाच आपण म्हातारे झालो असं वाटलं.

दहा दिवसांनी एकाच सकाळी दोन गोष्टी आल्या. विब्केच्या लॅपटॉपवर पुढील वाटचालीस शुभेच्छा आल्या, आणि पोस्टाच्या पेटीत टीलेमानांना पत्र आलं. 'अभिनंदन! गुणांच्या यादीत आपण प्रथम आहात.'

गुद्रूनने दोन्ही वाचली. तिने चष्मा काढला, पुसला, परत लावला आणि पुन्हा वाचलं. "हेल्गे," ती म्हणाली, "गायकवृंदाला हे कळवलंस का?"

विब्के आधी रागावली. मग दुसऱ्या क्रमांकावर कोण आहे ते तिने शुभेच्छांच्या पत्रात खाली बारीक अक्षरांत वाचलं. ती स्वतःच होती. मग ती हसायला लागली, आणि ते हसणं मध्येच रडण्याकडे वळलं. "एकेचाळीस अर्जांत मी पहिल्यांदा कोणाच्या तरी नंतर लगेच आहे," ती म्हणाली, "आणि तो कोण, तर तू!"

म्हणजे टीलेमानांनी नकार द्यायचा, की जागा विब्केची. एवढं सोपं. त्यांनी त्याच संध्याकाळी नकाराचा फॉर्म मागवला. फॉर्मवर कारणांचे क्रमांक होते. त्यांनी प्रामाणिकपणे दोनवर खूण केली, 'कौटुंबिक कारण', आणि पाठवून दिला.

तिसऱ्या दिवशी राडेमाखरबाईंचा फोन. "टीलेमानसाहेब, कौटुंबिक कारणासाठी आम्ही एकाही संशोधकाला गमावणार नाही! तास कमी करता येतील. घरून काम करता येईल. विद्यापीठाच्या पाळणाघरात तुमच्या मुलीसाठी जागा राखून ठेवलीय."

"बाई, माझी मुलगी सत्तावीस..."

"महिन्यांची? मग पाळणाघरच!" राडेमाखरबाई म्हणाल्या आणि आनंदाने फोन ठेवला.

नकार नामंजूर होऊन परत आला. लांपे म्हणाले, आता रुजू व्हा आणि महिन्याने राजीनामा द्या. डॉ. फोलराट म्हणाले, आता करूनच टाका डॉक्टरेट, पाटीवर शोभून दिसेल. क्षणभर, अगदी एकच क्षण, टीलेमानांनी आपल्या दारावरच्या पाटीकडे पाहिलंही. मग त्यांनी मनाशी ठरवलं, आणि विब्केच्या खोलीच्या दारावर टकटक केली. इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच.

"मी ब्रोकहाइमला जाऊन सगळं कबूल करावं म्हणतोय," ते दारातूनच म्हणाले. "पण आधी तुला विचारतोय. जाऊ का?"

विब्केने त्यांच्याकडे निरखून पाहिलं. "मीही येते," ती म्हणाली. "पण बोलणार मी."

वाक्समानबाई संस्थेच्या मागे, मातीने भरलेल्या पिंपांमध्ये गुडघ्यांवर बसल्या होत्या. विब्केने न अडखळता सगळं सांगितलं. कुठेही वडिलांना पाठीशी घातलं नाही आणि कुठेही खाली पाडलं नाही. टीलेमान टोपी हातात धरून उभे. बाईंनी ऐकून घेतलं, मग हात झटकत उठल्या.

"तिसऱ्या प्रश्नाला मला कळलं होतं," त्या म्हणाल्या. "डॉक्टरेटला आलेला माणूस दहा वर्षांनी घरी असेन असं कधी कबूल करत नाही. पण गुणांची बेरीज पाच जणांची असते, आणि राडेमाखरबाईंना ती शाईच्या बाटलीची गोष्ट फार आवडली." मग त्या विब्केकडे वळल्या. "तुझा प्रबंध मी दोनदा वाचलाय. दोनदा आला होता ना! मला वाटलं, पीटमधल्या गांडुळांवर काम करणारे देशात दोन जण आहेत. इतकी खूश झाले होते मी. एकच आहे म्हणतेस?"

"एकच," विब्के म्हणाली.

"मग ती मला हवीय. पण ऐका. तुम्ही आत्ता जे सांगितलंत ते कागदावर आलं, तर सगळी निवड रद्द, नवी जाहिरात, आणि ती होईपर्यंत हा प्रकल्प बंद. म्हणून मी इतका वेळ पिंपात डोकं घालून होते, मला काही ऐकू आलेलं नाही. टीलेमानसाहेब, तुम्ही फक्त नकार द्या. खरं कारण देऊन. पण राडेमाखरबाईंना तुमची दया येणार नाही असं."

घरी आल्यावर तिघं फॉर्म घेऊन बसले. दुसरी नोकरी? नाही. आजार? गुडघे सोडले तर नाही. पगार कमी? तो मिळायचा होता कुठे? टीलेमान एकेक कारण वाचत होते आणि एकेक खोटं ठरत होतं. खोट्यावर ते सही करणार नव्हते.

"अरे, पान उलट," गुद्रून म्हणाली.

पान उलटलं. मागे, सगळ्यांत खाली, क्रमांक अठरा होता: 'निवृत्तिवेतन सुरू झाल्यामुळे.'

"हे सुरू झालंय ना?" गुद्रून म्हणाली. "की तेही तू कोणाच्या नावाने घेतोस?"

टीलेमानांनी अठरावर खूण केली, सही केली, आणि त्या खुणेइतकी सरळ खूण त्यांनी आयुष्यात दुसरी केली नव्हती. ब्रोकहाइममध्ये फॉर्म पोचला. पोलमानबाईंनी वाचला, राडेमाखरबाईंनी वाचला. निवृत्त होण्याइतकं यांचं वय आहे का, हे विचारण्याची सोय कोणालाच नव्हती. मंजूर.

जूनमध्ये विब्के ब्रोकहाइमला राहायला गेली. सामान टीलेमानांनीच गाडीतून नेलं, तिने विचारल्यावर. संस्थेच्या दाराशी ते स्वतःहून थांबले आणि खोकी पायरीवर ठेवून गाडीत जाऊन बसले. शेजारी बसलेल्या गुद्रूनने त्यांना शाबासकीचं चॉकलेट दिलं.

त्यानंतर विब्के दर रविवारी फोन करू लागली. गांडुळं कशी आहेत, वाक्समानबाई कशा ओरडल्या, खोलीतलं गरम पाणी कधी येतं. टीलेमान ऐकत. सल्ला द्यायची वेळ आली की ते फोन गुद्रूनकडे देत आणि बागेत जाऊन काहीतरी खणत.

नोव्हेंबरातल्या एका रविवारी ती म्हणाली, "बाबा, या आठवड्यात मी मुलाखत घ्यायला बसले होते. टेबलाच्या त्या बाजूला! प्रयोगशाळेत तासांवर काम करायला एक विद्यार्थिनी हवीय."

"अरे वा! मिळाली?"

"मिळाली. हुशार आहे. पण ऐक ना. ती आत वाक्समानबाईंशी बोलत होती आणि मी पाणी आणायला बाहेर आले, तर तिचे वडील खुर्चीवर. इतके अवघडून बसले होते, जणू दवाखान्यात आलेत. चारशे किलोमीटर गाडी चालवून आले होते. मला बघून उभेच राहिले. म्हणाले, एक मिनिट, तिच्याबद्दल जरा सांगायचंय."

टीलेमानांनी फोन दुसऱ्या कानाला लावला. "मग? हाकललंस?"

"कॉफी दिली," विब्के म्हणाली. "आणि ती बाहेर येईपर्यंत त्यांच्याशेजारी बसून राहिले. बिचारे बागेबद्दल बोलत होते, बाबा. सबंध वेळ."